बाजूच्या सीटचा ब्रेक

सोमवार, ४ तारीख

शाळेत नाव घातलं नातीचं आणि बसवून ठेवलं मला.

ही डायरी टायरच्या दुकानातून दरवर्षी फुकट येते आणि दरवर्षी कोरीच रद्दीत जाते. यंदा तिचं नशीब उघडलं, कारण बालघराच्या ताईंनी पहिल्या पाच मिनिटांतच मला सांगितलं, "आजोबा, इथे शक्यतो बोलायचं नाही. फारच वाटलं तर घरी जाऊन लिहून काढा." ज्याने उभा जन्म बोलून पोट भरलं त्याला हा सल्ला. मी ड्रायव्हिंग शिकवायचो. अर्ध्या शहराने माझ्या शेजारी बसून घाम गाळलाय. माझ्या गाडीला बाजूच्या सीटकडेही एक ब्रेक आहे आणि त्यावरचा माझा पाय कधी ढळला नाही. इतक्या वर्षांत एक अपघात नाही, साधा ओरखडा नाही.

मी निवृत्त झालो त्याच वर्षी ही नात, मुंगी, जन्मली. तेव्हापासून आम्ही दोघं एकमेकांना सांभाळतो. जावई जहाजावर असतो, वर्षातून दोनदा भेटवस्तूंसकट उगवतो. लेक नर्स आहे, पण मुंगी झाल्यापासून एका दवाखान्यात अधूनमधून जाते, तेवढंच. आता तिला मोठ्या हॉस्पिटलात पूर्णवेळ नोकरी मिळतेय, पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून. मी म्हटलं, मग बालघर कशाला, घरी मी आहे की. ती म्हणाली, "म्हणूनच." याचा अर्थ विचारायचा राहून गेला.

खोली म्हणजे बुटक्यांचा संसार. बेसिन माझ्या गुडघ्याला लागतं. कपाटांना दारं नाहीत, आणि प्रत्येक फळीवर ताटल्यांत एकेक 'काम' मांडलेलं: वाटाणे चमच्याने या वाटीतून त्या वाटीत करा, किटलीतून पेल्यात पाणी ओता, टेबल घासा, केर काढा. पेले काचेचे. खऱ्या काचेचे. खेळाला इथे काम म्हणतात. मुलं राबतात आणि मोठी माणसं बसून बघतात, आणि हे उलटं आहे असं कुणाच्या मनातही येत नाही. घर झाडायला लावून वर फी घेण्याची कल्पना माझ्या बायकोला सुचली असती तर आज आम्ही बंगल्यात असतो.

माझी खुर्ची दाराजवळ. तिच्यावर बसलं की गुडघे कानाला लागतात. नियम असे: मुंगीला बोलवायचं नाही, ढकलायचं नाही, मदत करायची नाही. ती आली तर जवळ घ्यायचं, निघाली तर जाऊ द्यायचं. याला रुळण्याचा काळ म्हणतात, आणि तो कधी संपला हे मूल ठरवतं. "तुम्ही म्हणजे खोलीतला खांब," ताई म्हणाल्या, "तिला टेकायला." खांबाला निदान पाठ तरी दुखत नाही.

मुंगी सकाळभर माझ्या मांडीवरून उतरली नाही. मी ताईंकडे एकदा बघितलं, मी म्हटलं नव्हतं का, अशा अर्थाने. त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. पटलं असावं.


मंगळवार, ५ तारीख

इथे आल्यावर बाहेरचे बूट काढून आतले मऊ बूट घालायचे असतात. मुंगीने बाकावर बसून पाय पुढे केले, नेहमीप्रमाणे. मी वाकलो, नेहमीप्रमाणे. ताई कुठून तरी प्रकट झाल्या आणि म्हणाल्या, "तिला थोडा वेळ देऊ या."

दिला. मुंगी पाय पुढे करून बसली. मी तिच्या पायांकडे बघत बसलो. एवढ्यात एक पोरगा आला. त्याला मी हवालदार म्हणतो, कारण खोलीतले सगळे कायदे त्याला पाठ आहेत आणि मोडणारा कुणी सापडतोय का याच्याच शोधात तो फिरत असतो. त्याने मुंगीच्या पायांकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि अगदी काळजीने विचारलं, "हिचे हात दुखतात का?"

मला रागच आला. ताईंनी त्याला सांगितलं की मुंगी विचार करतेय. सकाळभर विचार करून मुंगी मोज्यांवरच राहिली. निघताना ताईंची पाठ वळली तसे मी दोन्ही बूट चढवले. पापणी लवायच्या आत. माझा हात बसलाय त्यावर.

बायकोला सगळं ऐकवलं. ती कपडे शिवते, आणि तोंडात टाचण्या असतात तेवढ्या वेळातच ऐकून घेते. मी म्हटलं, तीन वर्षांच्या पोरीला बूट घालता येत नाहीत म्हणून तिला तसंच ठेवायचं, याला माया म्हणतात? तिने टाचण्या काढल्या आणि म्हणाली, "साडेतीन." परत टाचण्या तोंडात.


गुरुवार, ७ तारीख

आज मुंगी मांडीवरून उतरली. पाणी ओतायच्या टेबलापर्यंत गेली, एकटी. किटली उचलली. इथवर ठीक. मग किटली पेल्यापासून लांब, वरून, तिरकी. ज्याला डोळे आहेत त्याला पुढचं दिसत होतं. मी अगदी हळू म्हटलं, "जवळ ने. अजून जवळ. सावकाश. आता थांब."

ती थांबली. किटली जिथल्या तिथे ठेवली, वळली आणि येऊन मांडीवर बसली. एक थेंब सांडला नाही. असं शिकवणं असतं.

ताई शेजारी येऊन उकिडव्या बसल्या. बालघरात सगळे उकिडवे बसतात, गुडघे त्यांचे नवे आहेत. त्या म्हणाल्या, "आजोबा, तुमचा पाय." मी खाली बघितलं. माझा उजवा पाय फरशीवर दाबलेला होता, चांगला जोर लावून. पायाखाली काही नव्हतं अर्थातच. म्हटलं, जुनी सवय आहे, तिने कुणाचं काय बिघडतंय.


शुक्रवार, ८ तारीख

आज मजेशीर गोष्ट कळली. मुलं अंगणात होती, ताई मला म्हणाल्या, "मास्तर, तुम्ही मला ओळखलं नाहीत." मास्तर म्हटल्यावर मी नीट बघितलं. माझीच विद्यार्थिनी. तेव्हा दोन वेण्या होत्या आणि क्लच सोडताना डोळे मिटायची.

मी विचारलं, कोणती गाडी चालवतेस. ती म्हणाली, "बसने येते. लायसन्स पहिल्या फटक्यात मिळालं, घरी गाडीही आहे. तुमच्या शेजारी बसून मी गाडी कधी कशाला घासली नाही. मग एकदा एकटी निघाले. पहिल्याच चौकात मला वाटलं, आता थांबवणार कोण? गाडी तिथेच सोडून उतरले. त्यानंतर हात लावला नाही."

किती जबाबदार बाई. नाहीतर हल्ली कुणीही उठतं आणि स्टीअरिंगला लटकतं. मी तिला तसं म्हणालोही. ती हसली, पण लगेच मुलांना बघायला गेली. माझ्याकडे शिकलेल्या माणसांत ही एक सावधपणाची जाणीव कायम राहते, याचं मला समाधान आहे.


मंगळवार, १२ तारीख

शुक्रवारपासून मुंगी बऱ्याचदा उठून जाते आणि लगेच परत येते. यामागे माझी थोडी युक्ती होती. कोटाच्या खिशात बिस्किटं ठेवली होती, छोटी, बदामाच्या आकाराची. पोरीचं मन रमावं, दुसरं काय. ती आली की एक द्यायचं. ती कागदांच्या पेटीपर्यंत जायची, परत यायची, बिस्किट. ठोकळ्यांपर्यंत जायची, परत यायची, बिस्किट. मला तर ती चांगली रुळत चाललीय असं वाटत होतं.

आज हवालदाराने येऊन माझ्या खिशाचा वास घेतला. सरळ ताईंचा हात धरून त्यांना घेऊन आला आणि माझा खिसा दाखवला. या वयात झडती. ताईंनी बिस्किटं ताब्यात घेतली, खाण्याच्या वेळी ती सगळ्यांना वाटली आणि मला म्हणाल्या, "मास्तर, ती टेबलापर्यंत जाते तेव्हा अर्धी तुमच्या खिशातच असते." मी म्हटलं, मग पूर्ण कुठे असते? त्या म्हणाल्या, तेच बघायचंय.

शिवाय आजपासून मला दोन्ही हात मांडीखाली घालून बसायला सांगितलंय. कारण मी हाताने 'डावीकडे घे, उजवीकडे घे' असं करतो म्हणे. मला तर जाणवलं नव्हतं.


गुरुवार, १४ तारीख

हवालदाराने काचेचा पेला फोडला. बरं वाटलं, हे लिहायला हरकत नाही. मी उठून उभा राहिलो, तोंड उघडलं, आणि खोलीत दुसरं कुणीच उठलं नव्हतं. ताई तिथूनच म्हणाल्या, "फुटला." बस, एवढंच. मग त्याच्याजवळ जाऊन त्यांनी मोठे तुकडे उचलले, त्याने छोटा ब्रश आणून बाकीचे गोळा केले, आणि नवा पेला घेऊन पुन्हा ओतायला बसला. आता मात्र किटली अगदी पेल्याला टेकवून. जीभ बाहेर काढून. तिला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणजे त्याला, जवळ ने म्हणून.

मी परत बसलो आणि हात मांडीखाली घातले. माझ्या गाडीत असं चाललं असतं तर पहिल्या दिवशी खांब, दुसऱ्या दिवशी दुकान, तिसऱ्या दिवशी पोलीस. पेल्याची गोष्ट वेगळी, हे मान्य. पण तत्त्व म्हणून काही आहे की नाही.

मुंगी हे सगळं माझ्या मांडीवरून बघत होती. घरी आल्यावर म्हणाली, "आजोबा, त्याला ओरडलं नाही." मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "फुटला, म्हणाली." आणि दिवसभर घरात हळू आवाजात 'फुटला, फुटला' असं म्हणत हिंडली.


शुक्रवार, १५ तारीख

ताई म्हणाल्या आज तुम्ही थोडा वेळ बाहेर जाऊन या. चोरून जायचं नाही, निरोप घेऊन जायचं. मला ते पटलं, चोरून जाणं आपल्या स्वभावात नाही. मुंगी रंगीत मणी ओवत होती. मी गेलो, बसलो, तिचे दोन्ही हात धरले आणि तिला नीट समजावून सांगितलं की आजोबा जरा बाहेर जातायत, पण घाबरायचं नाही, रडायचं तर मुळीच नाही, आजोबा अगदी दाराशीच आहेत, कुणी ढकललं तर ताईंना सांगायचं, शू लागली तर सांगायचं, आणि एकटं वाटलं तर मोठ्याने हाक मारायची.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग तिने असा सूर लावला की सगळ्या मुलांनी कामं थांबवली. मी फाटकापर्यंतही पोचलो नव्हतो. परत आलो, उचलून घेतलं. माझा शर्ट भिजला. तिच्या छातीची धडधड माझ्या हाताला लागत होती, आणि मला फार वाईट वाटलं आणि, खोटं कशाला लिहा, थोडं बरंही.

घरी जाहीर केलं की पोर तयार नाही. लेकीने मुंगीचं तोंड धुतलं. बायको शिवणयंत्रावरून म्हणाली, "ती रडायच्या आधी तुम्ही काय काय बोललात, तेवढं सांगा." सांगितलं. तिने यंत्र पुन्हा सुरू केलं. "मलाच रडू यायला लागलं," म्हणाली.


सोमवार, १८ तारीख

हॉस्पिटलातून लेकीला फोन आला. एक तारखेला येताय ना, पक्कं सांगा, नाहीतर दुसरी बाई बघतो. तिने दोन दिवस मागून घेतले.

मी म्हटलं, एवढी घालमेल कशाला करतेस, नाही म्हणून सांग. दवाखाना आहे, घरी मी आहे, काय कमी आहे. माझ्या मते याहून मोकळ्या मनाने कुणी मदत देऊ केली नसती. ती कपड्यांच्या घड्या करत होती. मुंगीचा एक बारका मोजा हातात घेऊन त्याची जोडी शोधू लागली.

मग म्हणाली, "बाबा, तुम्हाला ताप आला होता तेव्हा ती दिवसभर उपाशी होती. माझ्या हातचंही खाल्लं नाही. माझ्या, मी तिची आई. मी वॉर्डात उभी असताना तुम्हाला पुन्हा ताप आला तर?" मी म्हटलं, बघ, किती जीव आहे तिचा. ती म्हणाली, "मला पुन्हा नर्स व्हायचंय, बाबा. मी चांगली नर्स होते. ती रुळली नाही तर मी नाही म्हणून सांगणार, आणि नंतर मला कुणी विचारणार नाही." आणि आत निघून गेली.

एवढं बोलण्यासारखं मी काय म्हणालो ते कळत नाही. पण जेवण गेलं नाही. तिचा तो नर्सचा पांढरा कोट कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे, मधूनमधून काढून इस्त्री करते, ते मला माहीत आहे. मला वाटायचं हौस आहे.


बुधवार, २० तारीख

लेकीने हॉस्पिटलाला हो सांगून टाकलं. कुणाच्या भरवशावर, विचारलं नाही.

मी ताईंना गाठून स्पष्ट बोललो. म्हटलं, तुमची पद्धत पुस्तकात छान असेल, पण एक तारीख तोंडावर आलीय. मूल ठरवणार, मूल ठरवणार. मूल काय ठरवणार, त्याला स्वतःचे बूट ठरवता येत नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "मास्तर, तुम्हाला काही काम देऊ का?"

तर आता मी कामकरी. खिडकीखाली एक टेबल, त्यावर जुन्या लाकडी ठोकळ्यांचा डोंगर, आणि पॉलिश पेपर. कडा घासून गुळगुळीत करायच्या. अट एकच, तोंड भिंतीकडे, पाठ खोलीकडे. म्हणजे खांबाचा आता पाठमोरा खांब झाला. "तिला तुम्ही दिसाल," त्या म्हणाल्या, "तुम्हाला ती दिसली नाही तरी चालेल." कुणाला चालेल ते बोलल्या नाहीत.

घासत बसलो. मागे काय चाललंय कळेना. एकदा काहीतरी पडलं, एकदा कुणीतरी हसलं. मान वळवली की हवालदार समोर, बोट ओठांवर.


गुरुवार, २१ तारीख

ज्याने जन्मभर मागची वाहनं बघितली त्याला असं आंधळं बसवणं शक्य नाही. गाडीत माझा एक जादा आरसा असतो, काचेला चिकटवायचा, शिकवणाऱ्यासाठी. तो काढून आणला आणि ठोकळ्यांच्या डोंगराला टेकवून ठेवला. पॉलिश पेपर पुढे, आरसा मागे. खोली अगदी छान दिसू लागली.

मुंगी बराच वेळ माझ्या टेबलाला टेकून उभी राहिली. मी मान वर केली नाही. तिने दोन ठोकळे मोजले, चुकीचे, मी बोललो नाही. मग निघून गेली. आरशात बघतो तर पाण्याच्या टेबलाशी. किटली तिरकी, पेला लांब. भसकन पाणी टेबलावर, टेबलावरून खाली.

आणि तिने वळून माझ्याकडे बघितलं.

आरशात तिचा चेहरा पूर्ण दिसत होता. घाबरलेला नव्हता. ती वाट बघत होती. मी आता अरे अरे म्हणणार, उठणार, पुसणार, आणि तिला उचलून घेणार, याची वाट. माझा पाय फरशीवर इतका दाबला गेला की पोटरीत गोळा आला. तरी मी वळलो नाही. यात मोठेपणा काही नाही. वळलो असतो तर आरसा ताईंच्या नजरेस पडला असता.

ती कितीतरी वेळ माझ्या पाठीकडे बघत होती. इतक्या वेळात एखाद्याने गाडी वळवून घरी नेली असती. मग तिने पाण्याकडे बघितलं. मग खुंटीवरच्या फडक्याकडे. गेली, फडकं आणलं, पुसलं, म्हणजे निम्मं पाणी बाकीच्या फरशीला लावलं, फडकं पिळलं स्वतःच्याच मोज्यांवर. आणि परत किटली. परत सांडलं. या वेळी माझ्याकडे बघितलंच नाही. ओतायची, सांडायची, पुसायची, परत ओतायची. शेवटी शेवटी मला शंका आली की पुसायला मिळावं म्हणूनच ती सांडतेय. आणि गुणगुणत होती. मुंगी गुणगुणते हे मला ठाऊक नव्हतं. ती माझ्याजवळ असते तेव्हा बहुतेक वेळ मीच बोलत असतो.

सकाळभरात एकच ठोकळा घासून झाला. तो मात्र इतका घासला गेला की बाकीच्यांपेक्षा लहान दिसतो.

निघताना ताई म्हणाल्या, "आरसा छान बसवलाय, मास्तर." मी काढायला गेलो. त्या म्हणाल्या, "असू दे. आरशाने कुणी थांबत नाही."


सोमवार, २५ तारीख

मुंगीने आतले बूट स्वतः घातले. उलटे. तसेच सकाळभर वापरले, आणि चालताना कुणाच्याही आधी टेबलापर्यंत पोचली. मी ताईंना खुणेने दाखवलं की उलटे आहेत. त्यांनी खुणेने सांगितलं की माहीत आहे. इथे सगळ्यांना सगळं माहीत असतं आणि कुणी काही करत नाही.

पण आज मी घरीही एक प्रयोग केला. जेवताना तिला भरवलं नाही. हात मांडीखाली घालून बसलो. बायकोने विचारलं, "थंडी वाजतेय का?" मुंगीने भात कानापर्यंत नेला, पण बराचसा तोंडात गेला. लेक बघत होती. माझ्याकडे न बघता तिने भाजीचं भांडं माझ्यापुढे सरकवलं. आमच्या घरात याला आभार म्हणतात.


शुक्रवार, २९ तारीख

हे गाडीत बसून लिहितोय. गाडी बालघरासमोर उभी आहे.

आज निरोप घ्यायचा होता. मी वाक्य पाठ केलं होतं. छोटं. मुंगी टेबल धूत होती, कोपरापर्यंत फेस, समोर हवालदार दुसरी बाजू घासतोय आणि तिला सांगतोय की कोपरे राहिलेत. मी म्हटलं, "मुंगे, मी जातो. जेवणाआधी येतो." बाकीची सगळी वाक्यं गळ्याशी येऊन थांबली होती, घाबरू नकोस, रडू नकोस, हाक मार; ती तिथेच अडवून धरली. पाय फरशीत रुतला होता माझा.

तिने वर बघितलं. मी तयारीत होतो. हातही थोडे पुढे गेले असतील उचलायला.

"आजोबा, बाजूला हो ना," ती म्हणाली. "तू ओल्यात उभा आहेस."

मी बाजूला झालो. ती जिथे मी उभा होतो तिथली फरशी पुसू लागली. मी दाराशी थोडा थांबलो, फाटकाशी थोडा थांबलो. कडी जरा अडकते तिथली, कुणीतरी बघायला हवी. आतून रडण्याचा आवाज आला नाही. हवालदाराचा आला, कोपऱ्यांबद्दल.

गाडीत येऊन सवयीने बाजूच्या सीटवर बसलो. बराच वेळ बसल्यावर लक्षात आलं की चालवायला कुणी नाही.

वाईट वाटतंय. इथे कोण वाचणार आहे, म्हणून सरळ लिहितो. निवृत्त झालो त्या दिवशी गाडी शिकणाऱ्या मुलांनी टाळ्या वाजवल्या, हार घातला, तेव्हाही इतकं वाईट वाटलं नव्हतं. कारण तेव्हा घरी मुंगी यायची होती. आता ती इथे टेबल धुतेय आणि मी कुठे जाऊ? घरी बायको कामात आहे. लेक पांढऱ्या कोटाला बटण लावतेय. प्रत्येकाला काम आहे, आणि काम करताना मध्ये बोलायचं नसतं, हे मला आता पुरतं शिकवून झालंय.

मघाशी ताई बाहेर आल्या, काचेवर टकटक केली. "मास्तर, मुलं खिडकीतून बघतायत. रुळायला वेळ लागतोय का?" मी म्हटलं, इंजिन तापलंय, थांबलोय. त्या म्हणाल्या, "सावकाश होऊ द्या." आणि अगदी गंभीर चेहऱ्याने आत गेल्या.


सोमवार, १ तारीख

लेक सकाळी पांढऱ्या कोटात गेली. दारात माझ्या पाया पडली नाही की काही नाही, नुसता खांदा दाबला. "फोन करू नका हं, बाबा," म्हणाली, "मी करेन." सकाळभर केला नाही मी. बायको साक्षीला आहे, तिने फोन शिवणयंत्राच्या खणात ठेवला होता.

मुंगीला सोडलं, वाक्य म्हटलं, निघालो. तिथून गॅरेजवाल्याकडे गेलो आणि सहज चौकशी केली की बाजूच्या सीटचा ब्रेक काढायचा तर किती काम आहे. त्याने विचारलं, आता कशाला काढताय. म्हटलं, एक जुनी विद्यार्थिनी आहे, कधी तिला गाडी चालवायला द्यावी लागली तर. विचारून ठेवायला काय जातं.

जेवणाआधी पायीच आणायला गेलो. मुंगी बाकावर बसली होती, बाहेरचे बूट घालून, बंद लावून, तोंड लाल. डावा उजव्यात, उजवा डाव्यात. बंद असे लावले होते की एक कानाकडे आणि एक जमिनीकडे. तिने पाय पुढे केले. मी वाकलो. मग कळलं की ती घालायला सांगत नव्हती, दाखवत होती.

"मी घातले," ती म्हणाली.

"दिसतंय," मी म्हणालो.

घरापर्यंत ती तशीच चालली, बदकासारखी, माझं बोट न धरता. वाटेत बरंच काही सांगितलं. मी विचारलं नव्हतं, म्हणूनच सांगितलं असावं. घरी दार बायकोने उघडलं, गळ्यात टेप, तोंडात टाचण्या नाहीत. तिची नजर मुंगीच्या पायांवर गेली. "अगं, हे बूट—"

मी तिच्या डोळ्यांत बघून फरशीवर पाय दाबला. चाळीस वर्षं ही बाई गाडीत माझ्या शेजारी बसलीय. ती तिथल्या तिथे थांबली, तोंड मिटलं, आणि दारातून बाजूला झाली. मुंगी आत गेली. बाजूचा ब्रेक अजून चांगला लागतो म्हणायचा.